डुलुथला जायचा शर्ट

मिनिआपोलिस,
६ सप्टेंबर २०१७

ती. लेम्पीआत्यास,
काइसाचा सा. न.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर आपल्या घरात प्रत्येक जण बरं आहे म्हणतो आणि हवामानावर येतो. पत्राला निदान उत्तर द्यावं लागतं.

डॉ. हाउगेन उन्हाळ्यात निवृत्त झाले आणि साल्मीच्या दवाखान्यात आता त्यांच्या खुर्चीवर जोलीन ओस्टबी बसते, बाबांनी तिच्याकडे नाव घातलं आहे, हे मला बाबांकडून कळलं नाही. तू पाठवलेल्या वाढदिवसाच्या कार्डावर कोपऱ्यात लिहिलेलं होतं. जोलीन माझ्या वर्गात होती. रसायनशास्त्राच्या तासाला जिची बाही बर्नरवर जळाली, तीच ही.

ती नर्स प्रॅक्टिशनर आहे, म्हणजे नर्स होऊन तिने पुढची पदवी घेतली, ती स्वतः तपासते, निदान करते, औषध लिहून देते, आणि आपल्या राज्यात तिच्यावर डॉक्टर असण्याची सक्ती नाही, हे सगळं मी वाचलं आहे. परवानगी असणं आणि पुरेसं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टर शिकून बाहेर पडेपर्यंत जितके रोगी पाहतो, त्याच्या काही हिश्शाइतकेच नर्स प्रॅक्टिशनर पाहते. घसा दुखला, पायाला खिळा लागला, तर जोलीन चालेल. बाबा बहात्तर वर्षांचे आहेत, त्यांना बीपी आहे, आणि उठताना भोवळ येते असं तूच कार्डावर लिहिलं आहेस. आई थकते थकते म्हणत होती तेव्हा आपण सगळे गावातल्या दवाखान्यावर विसंबून राहिलो, आणि ती गेली. तसं मला पुन्हा व्हायला नको आहे.

डुलुथच्या मोठ्या रुग्णालयात डॉ. थॉर्न म्हणून आहेत. सत्तावीस तारखेला सकाळची वेळ घेतली आहे. तासाभराचा रस्ता आहे. बाबांना तू सांग. मी सांगितलं तर ते हो म्हणतील आणि जाणार नाहीत.

लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
काइसा


साल्मी,
११ सप्टेंबर

चि. काइसास,
आत्याचे अ. आ.

तुझं पत्र म्हणजे कारखान्यातून आलेली नोटीस. तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा मी उभी राहूनच वाचली, बसायची हिंमत झाली नाही. इकडे सगळं ठीक. बटाटे काढले. तळ्यावरची बदकं अजून गेली नाहीत.

रेनोला तुझा निरोप दिला. तो बराच वेळ कॉफी ढवळत बसला आणि मग म्हणाला की जोलीनमध्ये काय वाईट आहे, ती ऐकते. मी म्हटलं, ऐकते म्हणून काय झालं, मीही ऐकते, माझ्याकडून गोळ्या घेशील का? त्यावर तो म्हणाला की तू ऐकत नाहीस, तू फक्त माझं बोलणं संपायची वाट बघतेस. सख्ख्या बहिणीला असं बोलतो.

पण खरं सांगू का, त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. हाउगेनकडे तो वर्षातून एकदा जायचा आणि पाच मिनिटांत परत यायचा. जोलीनकडे या उन्हाळ्यात तीनदा गेला. लाकडं फोडता फोडता तसाच जातो, केसांत भुसा घेऊन. ती त्याला खुर्चीत टेकू देते, कुऱ्हाडीला धार कुठे लावली ते विचारते, आणि त्यातच भोवळ कधी येते तेही काढून घेते. तिच्याकडे त्याचा बीपी जास्त येतो. तिने गोळी वाढवली आहे आणि पुन्हा बोलावलं आहे.

आणि तुझ्या आईचं म्हणशील, तर हाउगेन पूर्ण डॉक्टर होता, बाई. भिंतीवर चौकट लावून सर्टिफिकेट होतं. दवाखाना गावातला होता, पण शिक्षण मोठ्या शहरातलंच. एवढंच म्हणते, पुढे काही म्हणत नाही.

बाही जळाली होती हे खरं. पण जोलीनची आई सांगते की बर्नर दुसऱ्याच कुणाचा होता.

सत्तावीसला मी त्याला घेऊन जाईन. तू म्हणतेस म्हणून जाईल. तुझं काही मोडायचं त्याच्या मनात नसतं, बोलून दाखवत नाही इतकंच. वेलचीचा पाव पाठवते आहे, वाळायच्या आत खा.

लोभ वाढव असं मी म्हणत नाही, येऊन दाखव.

तुझी,
लेम्पीआत्या


मिनिआपोलिस,
३० सप्टेंबर

ती. लेम्पीआत्यास,
सा. न.

पाव वाळला नाही. माझ्या टेबलाशेजारच्या दोघांनी तो वाळू दिला नाही.

बाबांनी डुलुथचे कागद पाठवले. डॉ. थॉर्न यांच्याकडे बीपी ११२ आला. उठून उभं राहिल्यावर त्याहून कमी, आणि त्यांच्यासमोरच बाबांना भोवळ आली. बाकी काही त्रास नाही असं बाबांनी सांगितल्याची नोंद आहे. डॉक्टरांचा निष्कर्ष सरळ आहे: गोळी जास्त झाली आहे, त्यामुळे भोवळ येते, या वयात पडून मांडीचं हाड मोडण्याचा धोका मोठा. त्यांनी गोळी निम्मी केली. त्यांच्या जागी दुसऱ्या कुणीही हेच केलं असतं.

पण जोलीनकडचा आकडा आधीच्या आठवड्यातला आहे आणि तो १५८ आहे. एकाच माणसाच्या एकाच दंडात आठवड्याभरात इतका फरक पडत नाही. मी दिवसभर हेच काम करते. हृदयाला बसवायच्या यंत्राच्या तारा वाकवून बघायच्या, आणि दोन टेबलांवर दोन आकडे आले की कुठलं टेबल चुकतंय ते शोधायचं. माझा अंदाज असा की जोलीनचा बीपी मोजायचा पट्टा बाबांच्या दंडाला लहान पडतो. लाकडं फोडणाऱ्या माणसाचा दंड जाड असतो, आणि पट्टा लहान असला की आकडा फुगतो. तू एकदा दवाखान्यात जाऊन पट्ट्यावरची खूण बघशील का? तिला वाईट वाटणार नाही अशा बेताने.

तोवर बाबांनी डॉक्टरांचंच ऐकायचं. निम्मी गोळी. हे त्यांना माझ्या नावाने सांग.

माझ्यावरचा लोभ या चौकशीमुळे कमी होऊ देऊ नकोस.

काइसा


साल्मी,
५ ऑक्टोबर

चि. काइसास,
अनेक आशीर्वाद.

लेम्पीकडून तुझा निरोप मिळाला. गोळी निम्मी केली. सुरीने करतो, सरळ तुटते.

पट्टा बघायला लेम्पी गेली ती बेताने वगैरे गेली नाही. दारातूनच म्हणाली की काइसाला तुझ्या पट्ट्याचा संशय आहे. जोलीन हसली. तिच्याकडे तीन मापांचे पट्टे आहेत आणि माझ्यासाठी ती मोठाच वापरते. शिवाय लेम्पीचा आणि टपालवाल्याचा बीपीही मोजून दाखवला. लेम्पीचा अगदी उत्तम आहे, हे ती तुला पुढच्या पत्रात लिहीलच.

जोलीनला निम्मी गोळी पटलेली नाही. तिने डुलुथला फोन केला होता. ते म्हणाले महिन्याभराने बघू. ती मला म्हणाली की निदान रोज तिच्याकडे येऊन मोजून जा. मी म्हटलं डॉक्टरांनी सांगितलंय ते सांगितलंय, आणि माझी मुलगी यंत्रातली आहे. तू दिलेलं मोजायचं यंत्र खोक्यात आहे. खोकं फार छान आहे, फोडवत नाही.

लाकडं निम्मी रचून झाली. थंडी लवकर येणार.

लोभ आहेच.

बाबा


साल्मी,
२० ऑक्टोबर

चि. काइसास,
आत्याचे अ. आ.

तू रुग्णालयात दोन दिवस होतीस पण रेनोसमोर मला काही बोलता येईना, आणि तो झोपला की तू खिडकीपाशी जाऊन उभी राहायचीस. म्हणून मंगळवारी नक्की काय झालं ते लिहिते.

मी त्याच्याकडे मासे घेऊन गेले होते. तो लाकडांच्या रांगेपाशी कॉफी पीत उभा होता. कप त्याच्या डाव्या हातातून पडला. त्याने वाकून उचलला, तो परत पडला. तिसऱ्यांदा त्याची बोटं कपाभोवती मिटेचनात. मी विचारलं काय झालं, तर त्याचं तोंड एका बाजूला उतरलं होतं आणि शब्द जड येत होते. मी आत धावले आणि दवाखान्यात फोन लावला. रुग्णवाहिकेला लावायला हवा होता, हे जोलीनने मला नंतर नीट झापून सांगितलं. पण सायरन वाजवत गाडी यायची म्हणजे सगळा रस्ता दारात येणार. आपल्याकडे कोण असा गाजावाजा करतं? तिनेच गाडी बोलावली आणि स्वतः गाडीच्याही आधी पोचली.

तोवर रेनोचा हात परत नीट झाला होता. तोंडही. तो म्हणाला की हात झोपला होता, काही नाही. जोलीन म्हणाली, उभ्या उभ्या हात झोपत नाही. ही पक्षाघाताच्या झटक्याची सूचना आहे, लगेच डुलुथ. आणि तुझा बाप काय करतो? तरातरा मागच्या दारी गेला आणि सौनाची शेगडी पेटवायला लागला! म्हणे असा भुशाने माखलेला मी मोठ्या रुग्णालयात जाणार नाही, आधी वाफेत बसून घाम काढतो, अंग स्वच्छ करतो. गाडीवाले दारात उभे. जोलीन सौनाच्या दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली की आत जायचं तर मला उचलून बाजूला ठेव, त्याच डाव्या हाताने. तेव्हा गेला. वाटभर गाडीवाल्यांची माफी मागत गेला म्हणे.

त्यात त्याचं काय चुकलं म्हणा. सत्तावीसलाही त्याने पहाटे उठून सौना तापवला होता, चांगला तासभर आत होता, बर्चच्या फांदीने पाठ घासून घेतली. रक्त तपासायचं म्हणून कॉफीसुद्धा नाही, नुसती गोळी. मग डुलुथला जायचा पांढरा शर्ट. इतका लालबुंद आणि नीटनेटका दिसत होता की मी म्हटलं, डॉक्टरकडे चाललास की लग्नाला? हाउगेनकडे जातानाही कायम तसाच जायचा. तुझी आईसुद्धा. सौना, आणि वर तो चर्चचा निळा कोट. तब्येत दाखवायला जायचं तर माणसाने नीट दिसायला हवं, असं आपल्याकडे सगळ्यांनाच वाटतं.

आता रुग्णालयात त्यांना मानेतली रक्तवाहिनी एका ठिकाणी अरुंद झालेली सापडली. तू तो फोटो किती वेळ बघत होतीस. पण रेनोने त्यांनाही हात झोपला होता असंच सांगितलं. डॉक्टर म्हणाले की हाताला खरंच काही झालं असेल तर नळी साफ करायची शस्त्रक्रिया लगेच हवी. नुसता झोपला असेल तर या वयात घाई नको, औषधावर ठेवू. तीस तारखेला डॉ. थॉर्न पुन्हा तपासणार आणि ठरवणार. जोलीनने तिचं लिहून पाठवलं आहे, पण तिने कप पडताना पाहिला नाही. मी पाहिला. मला कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी रेनो तिथे बसून माझं म्हणणं खोडून काढील.

मला भीती वाटते, पोरी. तू काहीतरी कर.

आत्या


मिनिआपोलिस,
२२ ऑक्टोबर

प्रिय जोलीन,
स. न. वि. वि.

आपण शाळेनंतर बोललेलो नाही. रुग्णालयात तू दारातून डोकावून गेलीस तेव्हा मी वळले नाही. त्यामुळे पहिल्यांदा हे: त्या दिवशी तू जे केलंस त्याबद्दल मी आभारी आहे.

दुसरं, मी तुझ्या पट्ट्यावर संशय घेतला होता. पट्टा बरोबर होता. डॉ. थॉर्न यांचाही बरोबर होता. दोन्ही आकडे खरे आहेत, आणि चूक कुठे आहे ते मला आत्याच्या पत्रातून काल कळलं.

आमच्याकडे तार तपासण्याआधी ती ठराविक उष्णतेत ठेवतात, आणि सगळ्या तारा सारख्याच ठेवाव्या लागतात. एक तार गरम खोलीतून आणली आणि एक थंड खोलीतून, तर आकडा तारेचा येत नाही, तयारीचा येतो. बाबा डुलुथला जाण्याआधी तासभर सौनात होते. पाणी नाही, कॉफी नाही, पोटात काही नाही, वर गोळी. अंगातल्या वाहिन्या सैल पडल्या, घामाने रक्तातलं पाणी कमी झालं. त्या माणसाचा बीपी ११२ येणारच आणि उठताना त्याला भोवळही येणारच. डॉक्टरांनी समोर बसलेल्या माणसाला बरोबर औषध दिलं. फक्त तो माणूस रोजचा नव्हता. तुझ्याकडे येतो तो रोजचा आहे.

निम्मी गोळी घ्या असं मी माझ्या नावाने सांगितलं होतं. त्यावर आणखी काही लिहीत नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. माझा तर्क वैद्यकीयदृष्ट्या टिकतो का? आणि तीस तारखेला ते पुन्हा आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून, बरं आहे म्हणायला जाणार असतील, तर ते थांबवायचं कसं?

आपला स्नेह शाळेतल्या बाकावर संपला असं तू धरलं नसशील, तर उत्तर लिही.

काइसा कोर्पेला


साल्मी,
२४ ऑक्टोबर

प्रिय काइसा,
स. न. वि. वि.

तर्क टिकतो. मी लगेच डॉ. थॉर्न यांच्या कचेरीत फोन करून सांगितला. ते म्हणाले की सौनाबद्दल विचारायला कुणी शिकवत नाही. माणूस चांगला आहे. मी मात्र मनात त्यांना घाईचा डॉक्टर ठरवून मोकळी झाले होते, तेव्हा तुझ्या पट्ट्यावरच्या संशयाची फिटंफाट झाली असं समज.

मला लागलं ते वेगळंच. मी साल्मीत वाढले. शनिवारी संध्याकाळी घराघरामागे धूर निघतो तो मी जन्मापासून बघते आहे. तरी डॉक्टरकडे जायचं म्हणून लोक मुद्दाम पहाटे सौना तापवतात हे माझ्या लक्षात आलं नाही. कारण माझ्याकडे कुणी तसं येतच नाही! माझ्याकडे येतात ते माशांचा वास घेऊन, चिखलाचे बूट घालून, दुकानात जाता जाता. मी हसते, पण एखाद्या दिवशी वाटतं की मीही सहा वर्षं शिकले आहे, माझ्यासाठीही कुणीतरी केस विंचरावेत. आता कळलं की न विंचरता येतात म्हणूनच मला खरा आकडा मिळतो. हे सुख आहे की अपमान, ते अजून ठरवलेलं नाही.

तू आत्याला लिहिलं होतंस ना, घसा आणि खिळा मला चालेल म्हणून? लेम्पीबाईंनी वाचून दाखवलं. त्यांना काही लपवता येत नाही. रागावले नाही, कारण अर्धं खरं आहे. तुझ्या वडिलांच्या मानेला स्टेथोस्कोप लावून मला अडलेल्या रक्ताचा आवाज कदाचित ऐकू आला असता, पण वाहिनी किती अरुंद आहे, ती उघडावी की नाही, यातलं मला काही ठरवता आलं नसतं. त्यासाठी डुलुथच हवं. आणि डुलुथला जे हवं आहे, म्हणजे तो लाकडापाशी उभा असलेला माणूस, तो माझ्याकडे आहे. त्याला तिथे पोचवायचा कसा, एवढाच प्रश्न.

माझ्याजवळ ते सगळं बोलले. कप, बोटं, शब्द जड येणं. ऑगस्टमध्येही एकदा बोटं अशीच मिटेनात, तेव्हा कुऱ्हाड खाली ठेवून ते लाकडावर बसून राहिले होते, हे त्यांनी मला परवा सांगितलं. मी लिहून पाठवलं आहे. पण समोर बसून त्यांनी स्वतः नाही म्हटलं तर माझ्या लिहिण्याला किती वजन राहणार? मी सांगून पाहिलं की तसेच जा, कामाच्या जाकिटावर. ते म्हणाले की तिथे तसं जायची रीत नाही. माझ्याने होणार नाही. तू त्यांना लिही. तुझी पत्रं ते खिशात ठेवतात, मोजताना जाकीट काढतात तेव्हा दिसतात.

बर्नर तुझा होता. बाही माझी. त्यामुळे स्नेह शिल्लक आहेच.

जोलीन


मिनिआपोलिस,
२६ ऑक्टोबर

ती. बाबांस,
काइसाचा सा. न.

हे पत्र तुम्हाला शनिवारी मिळेल. सोमवारी तुम्ही डुलुथला जाल. मला एकच गोष्ट मागायची आहे.

सोमवारी सकाळी सौना तापवू नका. कॉफी नेहमीसारखी घ्या. थोडा वेळ लाकडं रचा, जड नाही, आणि त्याच कपड्यांत गाडीत बसा. पांढरा शर्ट कपाटात राहू दे.

कारण जोलीनने सांगितलंच असेल. घाम काढलेल्या अंगाचा आकडा तुमचा नाही. पण ते झालं बीपीचं, आणि बीपीचं जोलीनने डॉक्टरांना कळवलं आहे. मी हे दुसऱ्या कारणाने मागते आहे. त्या शर्टात तुम्ही खोटं बोलता, बाबा. मुद्दाम नाही. तो शर्ट घातला की तुम्हाला काही होतच नाही. आई निळा कोट घालून हाउगेनकडे जायची आणि आल्यावर सांगायची की छान गप्पा झाल्या. मी सतरा वर्षांची होते. इतकी वर्षं मी समजत होते की हाउगेनला कमी येत होतं, म्हणून मला तुमच्यासाठी जास्त येणारा माणूस हवा होता. आता मला वाटतं की आईला त्याने कधी पाहिलंच नाही. त्याने कोट पाहिला.

तुम्हाला जोलीन आवडते, तुम्ही तिच्याकडेच जा. डॉ. थॉर्नकडेही जा. यातला कोण मोठा हे मला आता ठरवायचं नाही. पण मानेतली ती नळी पुन्हा अडली तर हात पंधरा मिनिटांत परत येईलच असं नाही. सोमवारी डॉक्टर विचारतील की हाताला काय झालं होतं. जोलीनला सांगितलंत तेच सांगा. ऑगस्टमधलंही.

मी रजा काढून येऊ शकते. पण मी खोलीत असले की तुम्ही आणखी बरे होता, हे मी रुग्णालयात पाहिलं. म्हणून येत नाही.

तुमचा लोभ मला हवा आहे, आणि तो द्यायला तुम्ही हवे आहात.

काइसा


साल्मी,
३१ ऑक्टोबर

चि. काइसास,
अनेक आशीर्वाद.

गेलो. जाकिटावर गेलो. लेम्पीने वाटभर गाडीच्या काचा खाली ठेवल्या आणि मला सांगत राहिली की थंडीने आपण दोघं मेलो तर तुझी शस्त्रक्रिया वाचेल.

बाहेरच्या खोलीत सगळे नीट कपड्यांतले. माझ्या अंगाला राळेचा वास येत होता. शेजारच्या बाईने पिशवी उचलून मांडीवर घेतली. मी टोपी हातावर धरून बसलो, म्हणजे नखं दिसू नयेत. इतकी लाज मला खाणीतून काढून टाकलं तेव्हाही वाटली नव्हती. हे तू लक्षात ठेव, पुन्हा काही मागायच्या आधी.

थॉर्नने विचारलं कसं काय. माझ्या तोंडून निघालंच की बरं आहे. तो लिहायला लागला. मी खाली बघितलं तर बुटावर भुसा. मग मी म्हटलं की थांबा, बरं नाही. आणि सांगितलं. कप तीनदा पडला, बोटं माझी असून माझं ऐकेनात. लेम्पीचं नाव घ्यायचं होतं ते तोंडातच फिरत राहिलं. ऑगस्टमधली कुऱ्हाडही सांगितली. त्याने पेन खाली ठेवलं होतं. ऐकायला त्यालाही येतं, आपणच कधी ऐकवत नाही.

बीपी १५४ आला. त्याने माझ्यासमोरच जोलीनला फोन लावला आणि दोघांनी मिळून गोळी ठरवली. मी मध्ये बसलेला, जणू काही मी त्यांची गाय. पण बरं वाटलं.

शस्त्रक्रिया सोमवारी, सहा तारखेला. आता गंमत ऐक. त्यांनी मला लाल साबणाची बाटली दिली आहे. म्हणतात आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी, दोन्ही वेळा अंग घासून स्वच्छ होऊन या, त्याशिवाय हात लावणार नाही. एवढं आयुष्य मी हेच करत होतो तर कुणी विचारलं नाही, आणि आता सोडलं तर सक्ती. मी खूश झालो आणि जोलीनला विचारलं की मग सौना तापवू ना. ती म्हणाली मुळीच नाही, नळाखालची आंघोळ, शस्त्रक्रियेची जखम भरेपर्यंत सौनाचं नाव काढायचं नाही. तेव्हा आता फक्त साबण. पण मी आधी विचारलं, याची नोंद घे.

पांढरा शर्ट सोमवारी घालणार आहे. तिथे गेल्यावर तो काढून घेतात म्हणे, त्यामुळे काही बिघडत नाही.

तू रविवारी ये. खोलीत तू असलीस तरी मी बरा असल्याचं सोंग करणार नाही. मला भीती वाटते आहे. जोलीनला शुक्रवारी सांगितलं, थॉर्नला काल सांगितलं. तुला सांगायचं राहिलं होतं.

लोभ आहेच असं मी दर पत्रात लिहितो. तो आहे. खूप आहे.

बाबा